विश्लेषण : स्कायडायव्हिंगचं लायसन्स मिळालं, पण मैदान अनोळखी... नव्या ड्रॉपझोनवर पहिल्या उडीआधी काय विचारायचं?

विमानातून बाहेर पडायचं, पन्नास-पंचावन्न सेकंद हवेतून खाली कोसळायचं आणि मग पॅराशूट उघडून जमिनीवर उतरायचं. स्कायडायव्हिंगचं नुसतं नाव ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना यातला पहिला भाग सगळ्यात धोक्याचा वाटतो. उघड्या दारातून उडी, आणि पॅराशूट उघडलंच नाही तर?

अपघातांच्या नोंदी वेगळं सांगतात. अमेरिकेतली यूएसपीए, म्हणजे युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, दरवर्षी मृत्यूंचा आढावा प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये तिथे साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. आकडा लहान आहे. पण कारणांच्या यादीत एक गोष्ट वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर असते : पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असताना, उतरताना झालेली चूक. चुकीच्या उंचीवर घेतलेलं वळण, न दिसलेली वीजतार, दुसऱ्या उडीवीराशी टक्कर. सगळा खेळ शेवटच्या काहीशे फुटांतला.

आणि हेच शेवटचे काहीशे फूट प्रत्येक मैदानावर वेगळे असतात.

'नवखा' म्हणजे नेमका कोण?

ज्या ठिकाणी विमान उडीवीरांना घेऊन चढतं आणि ते पुन्हा जिथे उतरतात, ती जागा म्हणजे ड्रॉपझोन. छोटी धावपट्टी, एखादा हँगर, पॅराशूट घडी करायला गालिचा घातलेली मोठी खोली, उड्यांची नावं लिहून घेणारं टेबल (याला 'मॅनिफेस्ट' म्हणतात) आणि मोकळं मैदान, एवढा पसारा.

पर्यटक मारतात ती उडी बहुधा 'टँडम'. प्रशिक्षकाच्या पोटाला बांधलेले तुम्ही, आणि सगळे निर्णय त्याचे. इथे आपण त्यांच्याविषयी बोलत नाही. आपला विषय आहे एकट्याने उडी मारायला शिकलेला माणूस. यूएसपीएचं सगळ्यात पहिलं लायसन्स 'ए'. त्यासाठी किमान २५ उड्या लागतात. पुढे 'बी'साठी ५०, 'सी'साठी २०० आणि 'डी'साठी ५००. 'ए' मिळालं की प्रशिक्षकाच्या देखरेखीविना उडी मारता येते आणि जगातल्या बहुतेक ड्रॉपझोनची दारं उघडतात. कागदावर तरी.

समजा, तुमची मावसबहीण नोकरीसाठी अमेरिकेत ॲरिझोनात आहे. फिनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या साधारण मध्यावर एलॉय नावाचं गाव आहे. तिथलं 'स्कायडाइव्ह ॲरिझोना' हे जगातल्या मोठ्या ड्रॉपझोनपैकी एक. सपाट वाळवंट आणि वर्षाचे बहुतेक दिवस निरभ्र आकाश. तिथे ती शिकली, तीस उड्या झाल्या, 'ए' लायसन्स आलं. आता ऑफिसच्या कामासाठी तिला कोलोरॅडोत डेन्व्हरला जायचंय. शनिवार-रविवार मोकळा आहे. डेन्व्हरच्या उत्तरेला लाँगमाँटला 'माइल-हाय स्कायडायव्हिंग' आहे. ती म्हणते, जाऊन येते.

आपल्याकडे पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली पोरं असतात. विहिरीची प्रत्येक पायरी त्यांना पाठ. तेच पोर पहिल्यांदा नदीत उतरतं तेव्हा हात-पाय तसेच हलतात, पण धार कुठे ओढते आणि डोह कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. तुमची मावसबहीण नेमकी तिथे उभी आहे.

जुनं मैदान डोक्यात कसं बसतं?

पॅराशूट उघडल्यावर उडीवीर सरळ खाली येत नाही. आजची चौकोनी छत्री हे खरं तर हवेने फुगलेलं पंख असतं आणि ते सतत पुढे जात राहतं. त्याला इंजिन नसतं, त्यामुळे 'पुन्हा एक चक्कर मारून येतो' ही सोय नाही. म्हणून उतरण्याचा मार्ग विमानासारखा ठरवून घेतात. साधारण १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, मैदानाच्या कडेकडेने जायचं. ६०० फुटांच्या आसपास काटकोनात वळायचं. ३०० फुटांवर दुसरं वळण घेऊन वाऱ्याला तोंड द्यायचं आणि शेवटी दोन्ही हातांतले टॉगल एकदम खाली ओढून वेग मारायचा. या शेवटच्या क्रियेला 'फ्लेअर' म्हणतात.

शिकताना हे आकडे पाठ होतात. पण तीस उड्यांनंतर डोकं आकड्यांवर चालत नाही, खुणांवर चालतं. 'पांढऱ्या शेडवर आलो की पहिलं वळण, रस्ता ओलांडला की दुसरं.' रोजच्या घाटात गिअर कुठे बदलायचा हे जसं हाताला माहीत असतं, तसंच हे. नव्या ठिकाणी ती पांढरी शेड नसते. किंवा तशीच एक शेड असते, पण मैदानापासून दुप्पट अंतरावर. दुसरी शक्यता मला जास्त घातक वाटते. खूण नसेल तर माणूस सावध होतो. ओळखीसारखी दिसली तर होत नाही.

आधी कागद, मग फोन

हा भाग कंटाळवाणा आहे, पण थोडक्यात आटपतो. लायसन्स, सदस्यत्वाचं कार्ड आणि लॉगबुक सोबत हवं. लॉगबुकात पहिल्यांदा पाहिली जाते ती शेवटच्या उडीची तारीख. यूएसपीएच्या शिफारशीनुसार 'ए' लायसन्सधारकाने ६० दिवसांत उडी मारलेली नसेल, तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवी. 'बी'ला ९० दिवस, 'सी' आणि 'डी'ला सहा महिने. स्वतःचं पॅराशूट असेल तर राखीव छत्री शेवटची कधी घडी केली याचं कार्ड लागतं. अमेरिकेत ही घडी परवानाधारक रिगरने दर १८० दिवसांत नव्याने घालावी लागते. देश बदलला की मुदत बदलते, आणि काही देशांत स्थानिक विमा किंवा सदस्यत्वही मागतात.

फोन मात्र आवर्जून करावा. विचारायचं एवढंच : तीस उड्या झालेल्या माणसाला तुम्ही घेता का, वाऱ्याची मर्यादा किती, भाड्याने किती मोठी छत्री मिळेल? विद्यार्थ्यांसाठी यूएसपीएची वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर आहे. लायसन्स मिळालं की ही मर्यादा उठते. म्हणजे नियम म्हणतो, आता तुम्हीच ठरवा. पंचविसाव्या उडीपर्यंत दुसरं कोणी ठरवत होतं आणि सव्विसाव्याला एकदम तुम्ही. अनेक ड्रॉपझोन म्हणूनच कमी उड्यांच्या लोकांसाठी स्वतःची मर्यादा लावतात.

लाँगमाँटची हवा एलॉयपेक्षा पातळ, म्हणजे काय?

आता खऱ्या फरकाकडे येऊ. एलॉय समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर आहे. लाँगमाँटचा व्हान्स ब्रँड विमानतळ ५,०५५ फुटांवर. (हे नाव लाँगमाँटमध्येच जन्मलेल्या अंतराळवीराचं.) तुलनेसाठी, आपलं महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे.

उंची वाढली की हवा विरळ होते, आणि ऊन तापलं की आणखी विरळ. इंजिनिअरिंगला असताना आदर्श वायूचं समीकरण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते इथे अगदी थेट लागू पडतं. एलॉयची १५ अंशांची सकाळ धरली, तर एक घनमीटर हवेचं वजन येतं सुमारे १.१६ किलो. लाँगमाँटची ३५ अंशांची दुपार धरली, तर सुमारे ०.९५ किलो. तीच छत्री, तेच वजन, पण उचल द्यायला हवा कमी. मग तेवढीच उचल मिळवण्यासाठी छत्री आपोआप जास्त वेगाने जाते. वेगातली ही वाढ निघते साधारण १० टक्के. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे जमिनीला टेकताना अंगात असलेली ऊर्जा २० टक्क्यांहून जास्त भरते.

दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुमच्या मावसबहिणीने फ्लेअर कधी करायचा हे मीटर पाहून नाही, नजरेने शिकलंय. जमीन अमुक वेगाने वर येताना दिसली की हात खाली. इथे जमीन जास्त वेगाने येते, आणि वळणात नेहमीपेक्षा जास्त उंची खर्च होते. एलॉयला ३०० फुटांवर निवांत होणारं शेवटचं वळण इथे जरा घाईचं वाटू शकतं.

यावरचा उपाय साधा आहे, मोठी छत्री. उडीवीर आपल्या एकूण वजनाला (पौंडात) छत्रीच्या क्षेत्रफळाने (चौरस फुटांत) भागतात. समजा ती ६० किलोची आणि किट १२ किलोचं, म्हणजे सुमारे १५९ पौंड. १९० चौरस फुटांच्या छत्रीखाली हा आकडा ०.८४ येतो, १५०च्या छत्रीखाली १.०६. आकडा जितका जास्त, तितकी छत्री वेगवान आणि चूक झाली तर माफ न करणारी. घरच्या मैदानावर ती १७० वापरत असेल, तर इथे पहिल्या दिवशी १९० मागण्यात कमीपणा नाही. भाड्याच्या कपाटापुढे उभं राहून 'मी तर यापेक्षा लहान उडवते' हे सांगायचा मोह मात्र होतो.

आणखी एक हिशोब. जमिनीपासून १२,५०० फुटांवर उडी म्हणजे लाँगमाँटला समुद्रसपाटीपासून साडेसतरा हजार फूट. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांनुसार १५,००० फुटांवर गेलं की विमानातल्या प्रत्येकाला प्राणवायूची सोय द्यावी लागते. वर डोकं थोडं जड होणं किंवा विचार मंदावणं हे एलॉयला तिने अनुभवलेलं नसणार. जमिनीवरही तहान लवकर लागते, पाणी पीत राहावं.

भाड्याचं किट हातात आलं की

विद्यार्थ्यांच्या काही किटवर एकच हँडल असतं. ते ओढलं की बिघडलेली मुख्य छत्री सुटते आणि राखीव छत्री उघडते. इतर किटवर दोन हँडल असतात : उजवीकडचं मुख्य छत्री सोडण्यासाठी, डावीकडचं राखीव उघडण्यासाठी. संकटात डोकं विचार करत नाही, हात सवयीने जातो. त्यामुळे किट बदललं असेल तर जमिनीवर, अंगात हार्नेस घालून, हँडलांना हात लावून दहा वेळा सराव करायचा. लोक बघतात, बघू देत.

उंची दाखवणारं घड्याळ, म्हणजे अल्टिमीटर, नव्या मैदानावर शून्यावर आणायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. युरोपात मात्र एक खाचखळगा आहे : तिथे अनेक ठिकाणी हे घड्याळ मीटरमध्ये असतं. 'ए' लायसन्सधारकाने ३,००० फुटांच्या खाली पॅराशूट उघडायचं नाही, असा यूएसपीएचा नियम आहे. ३,००० फूट म्हणजे साधारण ९०० मीटर. 'काटा तीनवर आला की उघड' असं डोक्यात बसलेलं असेल आणि घड्याळ मीटरचं असेल, तर काटा तीनवर असताना खरं तर आणखी जवळपास सात हजार फूट शिल्लक असतात. उघडणं लवकर होईल आणि वर दुसऱ्या गटाच्या मध्ये लटकणं होईल. उलटी चूक याहून वाईट. मीटरवर शिकलेल्याने 'एक'वर उघडायची सवय फुटांच्या घड्याळावर नेली, तर तो १,००० फुटांपर्यंत येतो. पोटावर झोपून पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने १,००० फूट सरायला जेमतेम पावणेसहा सेकंद लागतात.

शेवटचा आधार म्हणून किटमध्ये एक छोटा संगणक असतो, एएडी. जर्मनीच्या एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये आणलेलं 'सायप्रेस' यात सगळ्यात परिचित. उडीवीर जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर असूनही ताशी १२५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल, तर ते राखीव छत्री आपोआप उघडतं. पण त्याला 'जमीन' कुठे आहे हे हवेच्या दाबावरून कळतं. म्हणून ते हॉटेलच्या खोलीत चालू करून गाडीने ड्रॉपझोनवर नेऊ नये. जिथून उडायचं तिथे पोहोचल्यावर चालू करायचं, आधीच चालू असेल तर बंद करून पुन्हा. आणि विमान एका उंचीवरून उडणार आणि तुम्ही दुसऱ्या उंचीवर उतरणार असाल, तर तो फरक त्यात भरावा लागतो.

नकाशासमोरची पंधरा मिनिटं

कोणत्याही बऱ्या ड्रॉपझोनवर भिंतीवर मैदानाचा मोठा हवाई फोटो असतो. नव्या माणसाला तिथे उभं करून समजावलं जातं. सबंध दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ हीच, आणि बहुतेकांचं लक्ष सगळ्यात कमी असतं तेही इथेच, कारण कान विमानाच्या आवाजाकडे लागलेले असतात.

तिथे पहिला प्रश्न विचारायचा तो उतरण्याच्या दिशेचा. 'वाऱ्याच्या विरुद्ध' हे उत्तर पुरत नाही. काही ठिकाणी विंडसॉक बघून प्रत्येक जण ठरवतो. काही ठिकाणी जमिनीवर मोठा बाण ठेवतात आणि वारा फिरला तरी बाण हलेपर्यंत सगळे त्याच दिशेने उतरतात. काही ठिकाणी पहिला उतरेल त्याच्यामागे बाकीचे. मंद वाऱ्याच्या दिवशी हा फरक जिवावर बेतू शकतो. अर्धे लोक पूर्वेला तोंड करून उतरतायत आणि अर्धे पश्चिमेला, असं झालं तर समोरासमोर येणाऱ्या दोन छत्र्यांचा वेग एकमेकांत मिळतो.

मग कोणती जागा कोणाची हे विचारायचं. अनुभवी लोक जाणूनबुजून वेगाने, जमिनीला घासत उतरतात. त्यांचा पट्टा वेगळा असतो. तिथे चुकूनही जायचं नाही. वळणं डावीकडून की उजवीकडून, धावपट्टी किती उंचीपर्यंत ओलांडता येते, उतरल्यावर चालत कोणत्या बाजूने यायचं, हेही तिथेच विचारून घ्यावं.

आणि मग तो प्रश्न, जो विचारायला लोक लाजतात : मी मैदानापर्यंत पोहोचलेच नाही तर? फोटोवर बोट ठेवून मागायचं. या बाजूला पर्यायी मोकळं रान कोणतं, त्या बाजूला कोणतं. वीजतारा कुठून कुठे गेल्यात. कोणाच्या शेतात उतरलेलं चालत नाही. तारा वरून दिसत नाहीत, दिसतात ते खांब. म्हणून दोन खांबांच्या मध्ये तार आहे असंच धरायचं. रस्त्याच्या कडेला तार आहेच असंही धरायचं.

झाडं, हँगर, इमारती यांच्यामागच्या हवेबद्दलही विचारायला हवं. ओढ्यातल्या दगडामागे पाणी जसं गरगरतं, तशीच वाऱ्याच्या आडोशाला हवा गरगरते. यूएसपीएच्या मार्गदर्शिकेनुसार ही खळबळ अडथळ्याच्या उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत जाणवू शकते. दहा मीटर उंच हँगर असेल, तर २०० मीटरपर्यंत. त्या पट्ट्यात छत्री अचानक ढिली पडू शकते. लाँगमाँटच्या पश्चिमेला तर रॉकी पर्वताची अख्खी भिंतच उभी आहे, आणि उन्हाळ्यात तिथे दुपारी गडगडाटी ढग जमणं नेहमीचं. ढग लांब दिसतो, पण त्याच्यातून सुटलेला झोत त्याच्या आधी येऊन पोहोचतो. एलॉयला तिला वाळवंटातल्या वावटळी ओळखायची सवय असेल. इथे पश्चिमेकडे बघायची सवय लावावी लागेल.

विमानात सात सेकंद की तेरा?

मोठ्या ड्रॉपझोनवर ट्विन ऑटरसारखं वीसेक जणांचं विमान असतं, छोट्यावर चार जणांचं सेस्ना १८२. सेस्नातून बाहेर पडताना पंखाखालच्या छोट्या पायरीवर पाय ठेवून वाऱ्यात उभं राहावं लागतं. मोठ्या विमानाच्या दारातून शिकलेल्याला हे जमिनीवर, थांबलेल्या विमानात करून बघायला लागतं. कोणी ना कोणी दाखवतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या माणसानंतर किती थांबायचं. 'आमच्याकडे पाच मोजतात' हे इथे चालेलच असं नाही. उडी मारणाऱ्यांत जमिनीच्या हिशोबाने साधारण ३०० मीटर अंतर हवं, असं धरू. विमानाचा वेग ८५ नॉट आणि वर वारा शून्य असेल, तर हे अंतर कापायला विमानाला सात सेकंद लागतात. समोरून ४० नॉट वारा असेल, तर जमिनीच्या हिशोबाने विमान सरकतं फक्त ४५ नॉटने, आणि त्याच अंतराला तेरा सेकंद लागतात. खाली विंडसॉक लुळा पडलेला असला तरी वर हा वारा असू शकतो. वैमानिकाला किंवा अनुभवी उडीवीराला विचारायचं, आज किती सेकंद?

दारात हिरवा दिवा लागला म्हणजे 'उडी मारायलाच हवी' असं नाही. खाली बघून मैदान दिसत नसेल, ढग आडवा असेल, तर थांबता येतं. मागचे कुरकुरतील. फार तर विमान पुन्हा फिरेल किंवा तुम्ही त्यात बसून खाली याल. विमानात बसून खाली आलेल्यांना ड्रॉपझोनवर कोणी हसत नाही. निदान जिथे जावं अशा ड्रॉपझोनवर तरी नाही.

२,००० फुटांवरचा निर्णय

छत्री उघडली, ती ठीक आहे हे तपासलं, आता मैदान कुठे? अनोळखी जागी ते शोधण्यातच अर्धा मिनिट जातो. वारा चुकीचा निघाला असेल, तर मैदान लांब राहिलेलं असतं. अशा वेळी माणूस 'पोहोचेन बहुतेक' म्हणत राहतो आणि उंची संपते. मग शेवटच्या क्षणी तार दिसते, घाईने वळण घेतलं जातं, आणि वळणात छत्री डुबकी मारते. कमी उंचीवरचं मोठं वळण काही सेकंदांत शे-दोनशे फूट खातं. उघड्या छत्रीखाली होणाऱ्या मृत्यूंमागची ही जुनी गोष्ट.

म्हणून २,००० फुटांपर्यंत ठरवायचं : मैदान की पर्यायी रान. रान ठरलं की मैदान विसरायचं. आणि खाली आल्यावर प्राधान्य या क्रमाने : छत्री समतल, समोर मोकळी जागा, पूर्ण फ्लेअर, पाय जुळवून लोळण घ्यायची तयारी. वाऱ्याला तोंड करून उतरणं चांगलंच, पण या चौघांपुढे ते दुय्यम आहे. वाऱ्यासोबत उतरलेला माणूस घसरतो, गुडघे खरचटतात. शंभर फुटांवर वळणारा रुग्णालयात जातो किंवा त्याहून वाईट होतं. तीन किलोमीटर चालत, पाठीवर छत्रीचं गाठोडं घेऊन परत यावं लागलं तर यावं.

समुद्राकाठच्या ड्रॉपझोनवर याला आणखी एक पदर आहे. स्पेनमधलं एम्पुरियाब्रावा हे कालव्यांच्या गावाला आणि भूमध्य समुद्राला लागून आहे, आणि त्या भागात उत्तरेकडून 'ट्रामुंताना' नावाचा दांडगा वारा वाहतो. दुबईत पाम जुमेराच्या शेजारीच उड्या होतात. पाण्यात छत्रीसकट उतरण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण यूएसपीए 'बी' लायसन्ससाठी सक्तीचं करते. 'ए'वाल्याने ते फक्त तोंडी शिकलेलं असतं. जाहिरातीतला निळा समुद्र बघताना हे लक्षात असू द्यावं.

आपल्याकडे काय स्थिती?

मराठी वाचकाला या खेळात एक नाव पक्कं माहीत आहे : पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन. त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर मारली, कोणत्याही सरावाशिवाय. २०१८ मध्ये थायलंडच्या पट्टायात नऊवारी नेसून मारलेल्या उडीचे फोटो घरोघरी पोहोचले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. आपण लाँगमाँटच्या पातळ हवेचा हिशोब केला, तिथली हवा तर त्याहून कितीतरी पातळ. या उड्यांमागची तयारी बातम्यांत दोन ओळींत उरकली जाते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की धाडस असलं की झालं.

भारतात हरियाणातल्या नारनौलजवळ नागरी स्कायडायव्हिंग चालतं, मध्य प्रदेशात उज्जैनला काही वर्षं हंगामी महोत्सव भरतो. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत पूर्वी टँडम उड्या झाल्या आहेत. पण लायसन्स घ्यायला अनेक जण अमेरिका, स्पेन, थायलंड, दुबई गाठतात. आठ-पंधरा दिवसांची सुट्टी, एका मैदानावर २५ उड्या, लायसन्स, आणि घरी परत. म्हणजे आपल्याकडच्या नव्या उडीवीराची पुढची उडी बहुतेक वेळा अनोळखी मैदानावरच असते, आणि तीही ६० दिवस उलटून गेल्यावर. अमेरिकेतला विद्यार्थी दर शनिवारी त्याच शेडवरून वळत शंभरीला पोहोचतो. आपल्याला ती चैन नाही. त्यामुळे नवी जागा नीट समजून घेण्याची ही कला त्यांच्यापेक्षा आपल्यालाच आधी लागते.

पहिली उडी कशी असावी?

साधी. नव्या ठिकाणी पहिल्याच उडीत चार अनोळखी लोकांसोबत हवेत हात धरायचे बेत नकोत. एकट्याने उडी, छत्री ठरलेल्या उंचीपेक्षा थोडी वरच उघडायची (वैमानिकाला आणि मागच्यांना आधी सांगून), आणि उरलेला सगळा वेळ मैदान बघण्यात घालवायचा. त्याआधी एक विमान चुकवून, जमिनीवर उभं राहून इतरांना उतरताना बघितलं तर उत्तम. कोण कुठे वळतो, कुठे हवा उसळते, हे दहा मिनिटांत दिसतं. मोठ्या ड्रॉपझोनवर 'लोड ऑर्गनायझर' असतात. आलेल्यांना त्यांच्या अनुभवानुसार गटात बसवणं हे त्यांचं काम, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उडीला त्यांना गाठता येतं. तीस उड्या झाल्यात हे खरं सांगायचं, 'पन्नासेक' म्हणायचं नाही.

एक जुनी पद्धतही तिला तिथे कळेल. उडीवीरांच्या जगात कोणतीही गोष्ट पहिल्यांदा केली की बाकीच्यांना बिअर पाजायची असते, आणि नव्या ड्रॉपझोनवरची पहिली उडी त्यात धरली जाते. विमानं दिवसभराची उडून बंद झाल्यावरच खोकं उघडायचं, हा नियम मात्र पक्का. पीत नसाल तर आइस्क्रीमचा डबा नेला तरी चालतो. संध्याकाळी त्या खोक्याभोवती जमलेल्या जुन्या लोकांना विचारायचं, इथे वारा दक्षिणेचा असला की काय होतं?